सुप्याचे रोखे आणि सहीआधीचा सल्ला

आजच्या भागात कागदांच्या एका होळीबद्दल बोलू या.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचं गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकानं लुटली गेली, पण खरी मागणी होती ती वह्यांची आणि कर्जरोख्यांची. हाती लागले ते कागद त्यांनी जाळून टाकले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. ९५१ जणांना अटक झाली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

आता प्रश्न असा, की राग कागदावरच का?

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असेल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, आपल्याकडच्या कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले, उधारी आटली, त्यात सरकारी साराही वाढला. हे सगळं खरंच आहे. पण मला बोलायचं आहे ते १८५९ च्या मुदतीच्या कायद्याबद्दल.

या कायद्यानं कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. वर्षानुवर्षं व्याज साचत राहू नये, हा हेतू. म्हणजे कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा. पण तो माहीत होता सावकाराला. मुदत संपत आली, की तो नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज यांची बेरीज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून पडायची.

हिशेब करून पाहू. समजा १०० रुपये शेकडा २४ दरानं घेतले आणि काहीच फेडलं नाही. साध्या व्याजानं नऊ वर्षांनी ३१६ रुपये होतात. पण दर तीन वर्षांनी नवा रोखा केला, तर पहिल्या खेपेला १७२, दुसऱ्या खेपेला सुमारे २९६ आणि नवव्या वर्षाअखेर सुमारे ५०९. दर तोच, कर्ज तेच. फरक पडला तो मधल्या दोन अंगठ्यांमुळे.

प्रत्येक रोखा कायद्यानं पक्का होता, हे इथे लक्षात घ्या. शेतकरी कोर्टात जाईना, तिथे एकतर्फी हुकूमनामे होत. गेला तरी न्यायाधीश विचारणार, अंगठा तुझाच ना? नवा रोखा केला म्हणजे जुना हिशेब कबूल केला, पैसे भरले तर पावती घ्यावी, जुना रोखा रद्द करून घ्यावा, हे त्याला अंगठा उठवण्याआधी सांगणारं कुणी नव्हतं. नुसत्या सल्ल्यानं त्याची गरज भागली नसती, हेही मान्य. नवा रोखा नाकारला असता तर पुढचं बियाणं कुठून आणणार? पण आपण नेमकं काय कबूल करतो आहोत, हे तरी त्याला कळलं असतं.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा त्यानं कोर्टाला दिली. याच कायद्याखाली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. पण मला त्यातली दुसरी तरतूद जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे गावचा निबंधक. शेतकऱ्याचा दस्त त्याच्यासमोर लिहिला जायचा, मोठ्यानं वाचून दाखवला जायचा आणि मगच सही किंवा अंगठा. दस्तात मोबदला किती आणि कशाचा, ते स्पष्ट लिहायचं. जुन्या रोख्याच्या बदल्यात नवा होत असेल, तर जुना तिथे हजर करायचा. बघा, सरकारनं उपाय नेमका सहीच्या आधी आणून ठेवला.

तरी यात एक उणीव राहिली. निबंधक कागदात काय आहे ते वाचून दाखवी. कागदात नसलेलं, पण कायद्यानं सहीबरोबर गळ्यात पडणारं, ते सांगणं त्याचं काम नव्हतं. ते काम सल्लागाराचं, म्हणजे आपल्या बाजूच्या वकिलाचं. वाचणं आणि सल्ला घेणं यांत हाच फरक आहे.

आज आपण शिकलेले आहोत, करार वाचता येतो. तरी तीन गोष्टी बघा. इंदूरचा कारखानदार मुंबईच्या कंपनीशी करार करतो आणि ‘वाद मुंबईच्या न्यायालयात’ हे कलम असतं. मुंबईच्या कोर्टाला त्या व्यवहारावर मुळात अधिकार पोचत असेल, तर ते कलम सहसा टिकतं; मग प्रत्येक तारखेला तो प्रवास तुमचा. दुसरं, भागीदाराच्या कर्जाला जामीन राहिलात, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल, तर तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ असं म्हणता येत नाही. तिसरं उलट बाजूचं. माल पुरवणाऱ्या लघुउद्योजकानं ९० दिवसांच्या उधारीवर सही केली, तरी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत. हे संरक्षण करारात लिहिलेलं नसतं. माहीत नसेल, तर असून नसल्यासारखं. १८५९ च्या शेतकऱ्याचं अगदी असंच झालं होतं.

म्हणून बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, मोठा करार समोर आला की मसुदा मागून घ्या, दोन दिवस थांबा आणि आपल्या वकिलाला दाखवा. समोरच्या पक्षाच्या वकिलावर विसंबू नका, तो त्यांचा असतो. वकिलाला दोनच प्रश्न विचारा: यात काय लिहिलं आहे, आणि यात न लिहिताही माझ्यावर काय येतं? सही झाल्यावर वकिलाकडे गेलात, तर तो तुमचं भांडण लढवील. आधी गेलात, तर कदाचित ते भांडणच टळेल.

आजच्या भागात इतकंच.