दूरचित्रवाणीचे सामाजिक परिणाम (महाराष्ट्र)

दूरचित्रवाणीचे सामाजिक परिणाम म्हणजे दूरचित्रवाणी या माध्यमामुळे कुटुंबजीवन, शिक्षण, शेती, भाषा, उपभोग आणि लोकमत यांत घडून आलेले बदल होत. बोलीभाषेत या माध्यमास 'टीव्ही' म्हणतात. 'दूरदर्शन' हे शासकीय प्रसारणसंस्थेचे नाव असले, तरी अनेक वर्षे दुसरी वाहिनीच नसल्याने ते माध्यमाचेही नाव म्हणून मराठीत रूढ झाले. हे माध्यम समाजास उपकारक की अपायकारक, हा शालेय निबंध आणि वक्तृत्व स्पर्धांतील नेहमीचा विषय आहे. प्रत्यक्ष पुरावा मात्र एकाच बाजूचा नाही. काय दाखविले जाते, कोण पाहतो, किती वेळ पाहतो आणि ते दाखविण्याचा खर्च कोण करतो, यांवर परिणामाचे स्वरूप अवलंबून असते.

पार्श्वभूमी
भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरास त्याचे कार्यक्रम दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रसारण यांचा प्रारंभ झाला.

ग्रामीण भागासाठी या माध्यमाचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत रोज चार तास कार्यक्रम दाखविले गेले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी, तर सायंकाळचे शेती, आरोग्य व कुटुंबनियोजन यांविषयी असत. संच सार्वजनिक जागी ठेवलेला असे व गाव एकत्र बसून पाहत असे. महाराष्ट्राचा या प्रयोगात समावेश नव्हता.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आणि केबलचे जाळे झपाट्याने पसरले. १९९९ मध्ये अल्फा मराठी (पुढे झी मराठी) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या सुरू झाल्या. त्याच वर्षी दूरदर्शनच्या मराठी वाहिनीस 'सह्याद्री' हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. आकाशवाणी ऐकण्याचे साधन त्या वेळी १९.९ टक्के कुटुंबांकडे होते.

मराठवाड्यात हा प्रसार विजेच्या उपलब्धतेशी बांधलेला राहिला. जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत भारनियमनाच्या काळात कोणता कार्यक्रम पाहावयास मिळेल, हे बहुधा विजेच्या वेळापत्रकावरच ठरे. घराच्या छपरावरील डीटीएचची छत्री आल्यावर केबलची तार न पोहोचलेल्या वाड्यावस्त्यांतही वाहिन्या दिसू लागल्या.

उपयुक्तता

शेती व माहिती
मुंबई दूरदर्शनवरील 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतीविषयक माहिती मराठीत आणि शेतकऱ्यांच्या परिचयाच्या शब्दांत घरोघरी पोहोचविली. २६ मे २०१५ रोजी शेतकऱ्यांसाठी 'डीडी किसान' ही स्वतंत्र राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. कोरडवाहू भागात हवामानाचा अंदाज, किडीचा प्रादुर्भाव व बाजारभाव यांची माहिती वेळेवर मिळण्यास आर्थिक महत्त्व असते. वाचता न येणाऱ्या प्रेक्षकालाही प्रात्यक्षिक पाहून पद्धत समजते, हा या माध्यमाचा छापील मजकुरापेक्षा असलेला विशेष होय.

शिक्षण
१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दाखविले जाऊ लागले. त्याच वर्षी पुणे येथे शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी कोविड-१९ च्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा स्मार्टफोन व इंटरनेट नसलेल्या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा दूरचित्रवाणीचाच आधार घ्यावा लागला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित झाली.

स्त्रियांचे स्थान
रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास गोव्यासह भारताच्या पाच भागांतील ग्रामीण कुटुंबांवर आधारित आहे. ज्या खेड्यांत केबल आली तेथील स्त्रियांमध्ये पत्नीस होणाऱ्या मारहाणीला मान्यता देण्याचे आणि मुलगाच हवा असे म्हणण्याचे प्रमाण कमी झाले, तसेच घरातील निर्णयांत त्यांचा सहभाग वाढला, असे त्यात आढळले. हे निष्कर्ष मुख्यतः स्त्रियांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेले असल्याने, विचारांतील बदल आचरणात किती उतरला हा प्रश्न शिल्लक राहतो.

महाराष्ट्रापुरता पाहता, कर्क जॉन्सन यांचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक महत्त्वाचे आहे. पाचगणीजवळील दानवली व राजपुरी या दोन खेड्यांत राहून त्यांनी हा अभ्यास केला. दूरचित्रवाणीमुळे वडीलधाऱ्यांचे व तरुणांचे, तसेच स्त्री-पुरुषांचे परस्परसंबंध बदलतात आणि त्याच वेळी वस्तूंची हावही वाढते, अशी दुहेरी नोंद त्यात आहे.

अपाय व आक्षेप

मुले व अभ्यास
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावी. अपाय केवळ पाहण्यातून होत नाही. झोप, मैदानी खेळ, वाचन आणि घरातील संभाषण यांचा वेळ पडद्याकडे जातो, हेही त्याचे एक मुख्य कारण आहे. एका खोलीच्या घरात मोठ्यांची मालिका आणि मुलांचा अभ्यास यांची वेळ एकच असते. वेगळी खोली नसलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास त्याची झळ अधिक बसते.

अंधश्रद्धा व जाहिराती
दैवी यंत्रे, ताईत आणि तोडगे यांच्या जाहिराती अनेक वर्षे वाहिन्यांवर दाखविल्या जात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात जालना जिल्हाही येतो, जानेवारी २०२१ मध्ये अशा जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदेशीर ठरविल्या. त्या प्रसारित करणाऱ्या वाहिन्याही जबाबदार असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. कर्ज आणि आजारपण यांनी गांजलेले कुटुंब अशा दाव्यांना सहज बळी पडते, त्यामुळे या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे.

वृत्तप्रसारण
२००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या वेळी सुरक्षा दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कठोर टीका केली. २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी घालण्यात आली.

भाषा
मालिकांमुळे प्रमाण मराठी सर्वदूर पोहोचली. मात्र मराठवाडी व वऱ्हाडी बोली बहुधा विनोदी किंवा दुय्यम पात्रांच्या तोंडी येतात, असा आक्षेप घेतला जातो. जाफराबाद तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून असल्याने तेथे मराठवाडा आणि वऱ्हाड यांचा भाषिक संपर्क आहे. आपली बोली पडद्यावर हसण्यापुरतीच ऐकू आली, तर मुले शाळेत तोंड उघडण्यास संकोचतात, हा या आक्षेपाचा गाभा होय.

नियमन
केबलवरील प्रसारण १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) कायद्याखाली येते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. नियमांनुसार एका तासात १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखविता येत नाहीत. खासगी वाहिन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते व जाहिराती प्रेक्षकसंख्येवर मिळतात. म्हणून थोड्यांच्या उपयोगाचा कार्यक्रम मागे पडतो आणि सार्वजनिक प्रसारणाची गरज शिल्लक राहते.

गावपातळीवरील उपाय
सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून स्वतःचा उपाय योजला. टाळेबंदीतील ऑनलाइन वर्गांनंतर मुलांचे अभ्यासातील लक्ष उडाल्याचे गावकऱ्यांच्या ध्यानात आले होते. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवले जातात आणि मुले अभ्यासाला बसतात. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा होतो. बंदी संपूर्ण नसून ठरावीक वेळेपुरती आहे आणि ती मोठ्यांनाही लागू आहे, ही या उपक्रमाची दोन वैशिष्ट्ये होत.

सद्यःस्थिती
मोबाइलवरील चित्रफितींमुळे घरातील सामाईक पडद्याचे स्थान बदलत आहे. दूरचित्रवाणी संच घराच्या मध्यभागी असल्याने मुले काय पाहतात हे मोठ्यांच्या नजरेस पडत असे व त्यावर चर्चाही होई. हातातील पडद्यावर ही देखरेख कठीण होते. त्यामुळे दूरचित्रवाणीविषयी विचारले गेलेले प्रश्न, म्हणजे वेळ किती, आशय कोणता आणि जबाबदारी कोणाची, नव्या माध्यमांनाही लागू पडतात.