पेण-रोहा लोहमार्गावरील डिझेल इंजिने आणि टर्बोचार्जर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कोकण रेल्वेच्या इतिहासात बोगदे, पूल आणि भूसंपादन यांची चर्चा विपुल होते. गाडी ओढणाऱ्या इंजिनाच्या अंतरंगाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. १९८६ मध्ये आपट्याहून पेणमार्गे रोह्यापर्यंत लोहमार्ग आला. १९९३ मध्ये रोहा-वीर टप्पा खुला झाला आणि १९९८ मध्ये मंगळूरपर्यंतची वाहतूक अखंड झाली. विद्युतीकरणापूर्वी ही सारी वाहतूक डिझेल इंजिनांवर अवलंबून होती, आणि त्या इंजिनांच्या सामर्थ्याचे रहस्य इंधनापेक्षा हवेत अधिक होते.

सिलिंडरमध्ये जेवढी हवा, तेवढेच इंधन नीट जळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये या मर्यादेवरील उपायाचे पेटंट घेतले. १९२० च्या दशकात तो व्यवहारात उतरला. एरवी वाया जाणारे तप्त उत्सर्जित वायू टर्बाइन फिरवतात आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते. दाबल्याने तापलेली हवा प्रसरण पावू पाहते, म्हणून वाटेत ती पाण्याच्या साह्याने थंड केली जाते.

भारतीय रेल्वेच्या ‘डब्ल्यूडीएम-२’ या इंजिनाची १६ सिलिंडरांची अल्को रचना २६०० अश्वशक्ती देत असे. १९९० च्या दशकात ‘डब्ल्यूडीएम-३ए’मध्ये तेवढ्याच सिलिंडरांतून ३१०० अश्वशक्ती मिळू लागली. सिलिंडरांचा आकार तोच राहिला. अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आणि त्याला अनुरूप इंधनपंप व शीतनव्यवस्था यांनी हा फरक घडविला.

गाडी सुटताना उठणारा काळा धूर ही केवळ जुनाट इंजिनाची खूण मानणे योग्य नाही. चालकाने खटका पुढे सरकवताच इंधन वाढते. टर्बाइनला वेग घेण्यास मात्र अवधी लागतो. तेवढ्या काळात हवा अपुरी पडते व कार्बन न जळता बाहेर येतो. १९९९ मध्ये भारतात आलेल्या जनरल मोटर्सच्या ‘डब्ल्यूडीजी-४’मध्ये ही उणीव वेगळ्या रीतीने भरून काढलेली आहे : वायूंचा जोर अपुरा असेपर्यंत इंजिनाचाच दांडा दंतचक्रांद्वारे टर्बो फिरवतो.

२६ जानेवारी १९९९ पासून रोहा तालुक्यातील कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत मालमोटारी रेल्वेवर लादून नेण्यास आरंभ झाला. महामार्गावर एकेक इंजिन वाहत असलेला भार तेव्हापासून रेल्वेच्या इंजिनाकडे आला.

टर्बोची परीक्षा कानानेही होत असे. इंजिन बंद केल्यावर त्याची घरघर किती वेळ टिकते ते पाहिले जाई. ती फार लवकर थांबल्यास बेअरिंग घासत असल्याचा संशय घेतला जाई. २०२२ मध्ये रोह्यापुढील विद्युतीकरण पूर्ण झाले आणि मुख्य वाहतुकीतून हा आवाज मागे पडत गेला.