नेकारकाठचा लौकिक

मोटारगाडीच्या जन्माची तिथी सांगावयाची झाली, म्हणजे जर्मन लोक २९ जानेवारी १८८६ या दिवसाकडे बोट दाखवितात. कारण त्या दिवशी मानहाइम येथील कार्ल बेंझ नामक यंत्रकाराने आपल्या तीनचाकी, वायुइंजिनावर चालणाऱ्या वाहनाच्या पेटंटासाठी सरकारदरबारी अर्ज गुदरला, आणि त्यास पुढे ३७४३५ हा क्रमांक मिळून ती सनद कायमची दप्तरात दाखल झाली. दप्तरी नोंद हा इतिहासाचा भक्कम आधार खराच. परंतु ज्या कंपनीचे नुसते नाव घेतले असता जगातील बहुतेक देशांत उत्तम मोटार डोळ्यांपुढे उभी राहते, त्या मर्सिडीज-बेंझच्या लौकिकाचा उगम शोधू गेल्यास ही सनद अपुरी पडते, असे मला निश्चयाने वाटते. हा लौकिक घडविणाऱ्यांत, किंवा ज्यांच्या श्रमांवर कंपनीने एके काळी आपला पसारा टिकविला त्यांच्यात, अशी कितीतरी माणसे आहेत की ज्यांची नावे त्या पेटंटावरही नव्हती आणि कारखान्याच्या पाटीवरही कधी आली नाहीत.

अशांपैकी पहिले नाव खुद्द बेंझच्या घरातलेच आहे. १८७१ साली एका भागीदारासह काढलेला त्याचा यंत्रशाळेचा धंदा त्या भागीदाराच्या बेभरवशाच्या वागणुकीमुळे आरंभीच बुडावयास आला, तेव्हा त्याची वाग्दत्त वधू बेर्टा रिंगर हिने लग्नात मिळावयाची रक्कम लग्नाआधीच पित्याकडून मागून घेतली आणि भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला मोकळे केले. पुढील वर्षी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे ओढगस्तीची गेली, हत्यारांवर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली, आणि इतके सोसून जी गाडी अखेर सिद्ध झाली तिला गिऱ्हाईकच मिळेना. कारण गावातल्या गावात चार फेऱ्या मारून दाखविणाऱ्या त्या यंत्राचा दूरच्या प्रवासास काही उपयोग होईल यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता.

ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला पूर्वकल्पना न देता, बेर्टा बेंझ ऑयगन आणि रिखार्ड या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन त्या गाडीत बसली आणि शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक दूर असलेल्या फोर्टस्हाइम या आपल्या माहेरच्या गावी जावयास निघाली. गाडीत इंधन मावण्याची सोय जेमतेम चार-साडेचार लिटरांची होती, आणि ते इंधन म्हणजे कपड्यांवरील डाग काढण्यासाठी औषधाच्या दुकानात विकावयास ठेवलेला लिग्रॉइन नावाचा खनिज तेलाचा हलका अर्क. तेव्हा वीस्लोख या गावच्या औषधविक्रेत्याच्या दाराशी तिला गाडी थांबवून तो विकत घ्यावा लागला, आणि त्या दुकानाला जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून आज मान मिळतो. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील वेष्टण झिजले तेव्हा मोज्याचा बंद काढून तिथे गुंडाळला. चढणीवर दोन गिअरांचा जोर पुरेना, तेव्हा मुलांनी उतरून गाडी ढकलली. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा वाटेतील एका चर्मकाराकडून त्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. या प्रवासातील अडचणींची यादी घेऊन ती परत आली आणि तीवरून बेंझने चढणीसाठी आणखी एक गिअर बसविला, ही गोष्ट मला त्या साहसाहूनही मोलाची वाटते. कारण गाडी रस्त्यावर नेमकी कुठे अडते हे आधी पाहावे आणि मग आराखड्यावरील रेषा बदलाव्या, या पुढे त्या कारखान्याच्या अंगवळणी पडलेल्या रीतीचा प्रारंभ तिथे झाला आहे.

मानहाइम ज्या नेकार नदीच्या काठी आहे, तिच्याच काठी, प्रवाहाच्या वरच्या बाजूस, स्टुटगार्टलगतच्या कानस्टाट या गावी गोटलीप डाइमलर आणि त्याचा निष्ठावंत सहकारी विल्हेल्म मायबाख हे दोघे स्वतंत्रपणे याच उद्योगात गढलेले होते. घराच्या बागेतील काचगृहात रात्रंदिवस चाललेली त्यांची खटपट इतकी गुप्त होती, की ही मंडळी खोटी नाणी पाडीत असावीत असा संशय येऊन माळ्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांनी झडती घेतली, आणि तीत इंजिनाच्या सुट्या भागांखेरीज काही निघाले नाही. तत्कालीन वायुइंजिने मिनिटास दीडशे-पावणेदोनशे फेरे घेत असता या दोघांचे इंजिन सहाशे फेरे घेई, आणि म्हणूनच ते गाडीत, नावेत, कोठेही बसविता येण्याइतके लहान व हलके करता आले. १८८५ साली त्यांनी ते लाकडी दुचाकीवर चढविले, पुढच्या वर्षी घोडागाडीवर. मोटारीचे हे दोन जनक एकमेकांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत आयुष्यभर काम करीत होते, तरी त्यांची कधी प्रत्यक्ष गाठभेट झाली नाही असे सांगतात.

डाइमलरच्या कंपनीला जे नाव पुढे जगभर घेऊन गेले ते मात्र जर्मनीत जन्मलेच नाही. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरी राहत असे. तालेवार लोकांशी त्याचा घरोबा होता, वेगाचे त्याला वेड होते, आणि आपल्या लाडक्या मुलीचे मर्सिडीज हे नाव टोपणनाव म्हणून धारण करून तो शर्यतीत उतरत असे. डाइमलरच्या गाड्या तो घेई, विकी, आणि त्यांतील दोषांबद्दल कारखान्याला कडक शब्दांत पत्रेही लिही. त्या काळच्या गाड्या उंच, आखूड आणि डोलणाऱ्या होत्या. ३० मार्च १९०० रोजी नीसजवळच्या ला तुर्बीच्या घाटात अशाच एका शक्तिमान पण असमतोल गाडीवर कारखान्याचा विल्हेल्म बाउअर शर्यतीत जखमी होऊन दगावला. खुद्द डाइमलर त्याच महिन्याच्या आरंभी निवर्तला होता. आणि शर्यतींचा नादच सोडावा असा विचार कारखान्यात बळावू लागला. अशा वेळी येलिनेकने साडेपाच लाख सुवर्णमार्कांची छत्तीस गाड्यांची मागणी एकदम नोंदविली, आणि तिला दोन अटी जोडल्या: गाडी लांब, रुंद व जमिनीलगत असावी, आणि तिचे नाव मर्सिडीज असावे.

मायबाखने त्या अटी पुऱ्या करताना मोटारीचे स्वरूपच पालटले. पत्रा दाबून केलेली पोलादी चौकट, तीत खाली बसविलेले चार सिलिंडरांचे पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन, आणि पुढे असंख्य बारीक नळ्यांचा, थोड्या पाण्यात काम भागविणारा रेडिएटर, अशी ती गाडी डिसेंबर १९०० मध्ये तयार झाली, आणि मार्च १९०१ च्या नीस येथील शर्यतींत तिने अन्य कोणाला पुढे जाऊच दिले नाही. इंजिन लावलेली घोडागाडी हे मोटारीचे बालरूप त्या दिवसापासून संपले. १९०२ साली मर्सिडीज हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले, आणि पुढल्या वर्षी येलिनेकने रीतसर परवानगी काढून ते स्वतःच्या आडनावाला जोडले. कंपनीच्या चिन्हातील तीन टोकांचा तारा १९०९ सालचा. तो जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही मार्गांवर इंजिन चालविण्याच्या डाइमलरच्या आकांक्षेचे चिन्ह मानतात.

पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्याने दोन्ही कारखाने जेरीस आले, तेव्हा १९२४ साली त्यांनी परस्पर सहकार्याचा करार केला, आणि जून १९२६ मध्ये दोघांचे मिळून डाइमलर-बेंझ झाले. बेंझच्या चिन्हातील विजयपत्रांची माळ ताऱ्याभोवती गुंफली गेली. १९३६ साली या कंपनीने विक्रीस काढलेली २६० डी ही डिझेलवर चालणारी पहिली घाऊक उत्पादनाची मोटार होय, आणि त्याच दशकात तिच्या रुपेरी शर्यतीच्या गाड्यांनी युरोपभर मैदाने मारली.

परंतु त्या रुपेरी गाड्यांना नाझी राजवटीचे द्रव्यसाहाय्य होते, हिटलर ज्या प्रचंड उघड्या मोटारीतून मिरवणुका काढी ती याच कारखान्याची होती, आणि पुनःशस्त्रीकरणाच्या कंत्राटांवर कंपनीचा व्याप अतोनात वाढला होता, हेही त्याच इतिहासाचे पान आहे; ते उलटून पुढे जाणाऱ्या लेखकाने या कंपनीच्या कीर्तीविषयी काही बोलू नये, असे मी म्हणेन. १९४४ साली तिच्या सुमारे ६३,६०० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक परदेशांतून धरून आणलेले वेठीचे मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी होते. बर्लिननजीकच्या गेन्सहागन येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यात रावेन्सब्रुकच्या छावणीतून आणलेल्या स्त्रिया राबत होत्या. बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी तो कारखाना ‘गोल्डफिश’ या सांकेतिक नावाखाली नेकारच्याच काठी ओब्रिगहाइम येथील जिप्समच्या खाणीत हलविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मार्च १९४४ मध्ये डाखाउच्या छावणीतून आणलेल्या पहिल्या पाचशे बंद्यांना पलीकडच्या तीरावरील नेकारएल्झ गावच्या प्राथमिक शाळेत कोंबण्यात आले, आणि रोज नदीवरील रेल्वेपुलावरून त्यांना खाणीत नेऊन बोगदे खोदावयास लावण्यात आले. उपासमार, मारहाण आणि कोसळणारे दगड यांनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला. कानस्टाटच्या काचगृहाखालून वाहणारी, मानहाइमला ऱ्हाइनला मिळणारी नदी तीच आहे.

या पापाचा जाब मागितला गेला तो चार दशकांनी, १९८६ च्या, मोटारीच्या शताब्दीच्या सुमारास, आणि तोही बाहेरच्या अभ्यासकांच्या रेट्यामुळे. कंपनीने दप्तर उघडले, संशोधन करविले; १९८८ साली दोन कोटी मार्क दिले; आणि २००० साली जर्मन सरकार व उद्योग यांनी मिळून वेठीच्या मजुरांच्या भरपाईसाठी स्थापिलेल्या निधीत ती सामील झाली. तोपर्यंत त्या मजुरांपैकी बहुतेक जण मरण पावले होते. ही दिरंगाई अक्षम्य होती.

युद्धोत्तर काळात या नावाची पत पुन्हा बसली ती मुख्यतः अपघाताच्या अभ्यासामुळे. बेला बारेनी नावाचा अभियंता १९३९ पासून कंपनीच्या झिंडेलफिंगन येथील कारखान्यात होता. गाडी जितकी कणखर तितकी ती सुरक्षित, ही सर्वमान्य समजूत त्याने उलथून टाकली: आत माणसे बसतात तो भाग अभेद्य असावा, पण त्याचे पुढचे-मागचे भाग मुद्दाम असे घडवावेत की धडकेचा जोर ते स्वतः चेचून घेऊन शोषतील. १९५१ सालच्या या कल्पनेच्या पेटंटाप्रमाणे बांधलेली गाडी १९५९ मध्ये बाजारात आली, आणि त्याच वर्षी कारखान्यालगतच्या मोकळ्या जागेत गाड्या अडथळ्यावर आदळवून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. मधल्या काळात, ११ जून १९५५ रोजी ल मान्सच्या शर्यतीत कंपनीची एक गाडी प्रेक्षकांत फुटून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली होती, आणि त्या हंगामाच्या अखेरीस कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले होते. बारेनीचे तत्त्व आज जगातील प्रत्येक मोटारीत आहे; इतर कारखान्यांनी ते उचलले, आणि त्यामुळे वाचलेल्या माणसांची गणती कोणालाच करता येणार नाही.

टिकाऊपणाची ख्याती भाड्याच्या गाड्यांनी पसरविली. युरोपात, आफ्रिकेत, अरबस्तानात टॅक्सी म्हणजे डिझेलवरची मर्सिडीज, असे समीकरण होऊन बसले. ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथील एका चालकाने आपली १९७६ सालची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर हाकली, आणि ती आता स्टुटगार्टच्या संग्रहालयात उभी आहे. अशा कीर्तीला बट्टेही लागले. १९९७ साली स्वीडनच्या पत्रकारांच्या वळणचाचणीत कंपनीची छोटी ए-क्लास मोटार उलटली. कंपनीने आधी कानांवर हात ठेवले, मग गाड्यांचा पुरवठा थांबवून त्या प्रत्येकीत तोल सावरणारी विद्युत्‌-यंत्रणा बसवून दिली.

आपल्याकडे हा तारा श्रीमंतांच्या मोटारीवरून लोकांच्या ओळखीचा झाला नाही, याची आठवण ठेवली पाहिजे. १९५४ साली टाटांच्या टेल्को या कंपनीने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून मालमोटारी निघू लागल्या. या कराराच्या घडणीत आणि एकेक सुटा भाग देशातच तयार करविण्याच्या आग्रहात टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांचा वाटा मोठा होता. पुढे पुण्याजवळ टेल्कोचा कारखाना उभारताना त्यांनी आधी हत्यारे घडविण्याची आणि शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली, ती याच आग्रहातून. टाटांचे नाव आणि खाली जर्मन तारा, अशा त्या मालमोटारी बाजारपेठांत नुसत्या ‘बेंझ’ म्हणूनच ओळखल्या जात. १९६९ मध्ये मुदत संपली, तारा उतरला, आणि त्याच्या जागी टाटांचे इंग्रजी ‘टी’ हे अक्षर आले.

पुढे १९९४ साली डाइमलर-बेंझ आणि टेल्को पुन्हा एकत्र आले, आणि १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्याच आवारात, मर्सिडीज मोटारींची जोडणी सुरू झाली. २००९ पासून ते काम चाकणच्या स्वतंत्र कारखान्यात चालते. ती मोटार विकत घेणारा वर्ग आरंभी मूठभरच होता. पण तिच्या टोकावरील ताऱ्याची ओळख करून देण्याची गरज कोणाला पडली नाही, कारण कांदा, कापूस आणि लोखंड लादून बोरघाट चढणाऱ्या मालमोटारींनी आणि त्यांच्या ड्रायव्हर-क्लीनरांनी ती चाळीस वर्षांपूर्वीच करून दिलेली होती.