परंपरा आणि अपवाद : तिरुविसनल्लूरच्या विहिरीच्या निमित्ताने

परंपरावादाविषयी आपल्याकडे जो वाद चालत आला आहे त्यात दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य असते : परंपरा म्हणजे नियमांचा संचय, आणि परंपरावादी म्हणजे तो नियम पाळणारा. एक पक्ष या पाळण्यास निष्ठा म्हणतो, दुसरा जडत्व. परंतु परंपरेने जतन केलेल्या कथांकडे आणि उत्सवांकडे पाहू लागले म्हणजे ही समजूत अपुरी ठरते. परंपरा नियमाची जशी स्मृती ठेवते तशीच नियमभंगाचीही ठेवते. कित्येकदा अधिक प्रेमाने ठेवते. ती स्मृती कोणत्या रूपात ठेवली जाते आणि त्या रूपाचे समाजावर व साहित्यावर काय परिणाम होतात, याचा विचार एका लहानशा गावाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

कुंभकोणमजवळ कावेरीच्या परिसरात तिरुविसनल्लूर हे गाव आहे. तेथील शिवस्थान सातव्या शतकातील तिरुज्ञानसंबंधरांनी गायिलेले, म्हणजे पुरातन. परंतु विद्वानांचे अग्रहार म्हणून या गावाला जी कीर्ती लाभली तिला निश्चित सन आहे. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावरचे राज्य घेतले. त्यांचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी १६९३ साली हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना दान दिले आणि त्याला शाहजिराजपुरम् असे नाव ठेवले. 'जानकीपरिणय' आणि 'पतंजलिचरित' यांचे कर्ते रामभद्र दीक्षित येथलेच; शहाजीराजांना नायक करून 'शाहेंद्रविलास' हे संस्कृत काव्य रचणारे श्रीधर व्यंकटेश, ज्यांना लोक आदराने अय्यावाळ म्हणतात, तेही येथलेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जे जीवन पुढे 'सनातन' म्हणून वंदिले गेले ते एका दानपत्राने उभे राहिले होते, आणि दाता होता तमिळ प्रदेशावर राज्य करणारा मराठी घराण्यातील पुरुष. याच राजाच्या नावावर असलेले 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या 'सीतास्वयंवरा'हून सव्वाशेपेक्षा अधिक वर्षांनी जुने आहे. त्याच्या 'पंचभाषाविलासा'त तर पाच भाषा एकत्र नांदतात. म्हणजे ज्या हाताने शास्त्राचे संरक्षण केले त्याच हाताने देशी भाषांतील नवे नाट्य घडविले. परंपरा ही आपोआप वाहत येत नाही. ती कोणीतरी निवडतो, पोसतो आणि तिला जुनेपण बहाल करतो. गंमत अशी की दात्याने दिलेले नाव मागे पडले आणि लोकांनी जुनेच नाव चालू ठेवले. टिकली ती एका विहिरीची कथा.

कथा अशी. अय्यावाळांच्या घरी पित्याचे श्राद्ध होते. स्वयंपाक सिद्ध झाला होता, आणि दाराशी भुकेने व्याकूळ झालेला एक अंत्यज आला. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. निमंत्रित ब्राह्मणांनी मग त्या घरी जेवण्याचे नाकारले आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. काशी तर शेकडो कोस दूर. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली, आणि परसातील विहिरीला गंगा येऊन पाणी ओसंडून वाहू लागले. तमिळ कार्तिकै महिन्याच्या अमावास्येस त्या विहिरीवर स्नान करण्यासाठी लोक आजही तेथे लोटतात.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) श्राद्धाचे अन्न महारांना वाढले, ब्राह्मण रुष्ट झाले आणि अखेर पितरच प्रत्यक्ष जेवावयास उतरले, ही कथा महीपतींच्या 'भक्तलीलामृता'त (१७७४) आली आहे. दक्षिणेच्या भजनसंप्रदायात बोधेंद्र सरस्वती आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी यांच्याबरोबर अय्यावाळांना आचार्यत्व दिले जाते, आणि त्याच संप्रदायात मराठी संतांचे अभंगही गाइले जातात. गोदावरी आणि कावेरी यांच्या दरम्यान भावनेचा असा रस्ता होता. कोणी कोणापासून घेतले हा प्रश्न गौण आहे; दोन्हीकडे कथेची घडण एकच आहे, हे महत्त्वाचे.

ती घडण तपासून पाहावी. भूक हे कारण, करुणा ही कृती, बहिष्कार हा परिणाम आणि चमत्कार हा निर्णय. परंतु निर्णय कोणत्या प्रश्नाचा लागला? अय्यावाळ शुद्ध की अशुद्ध, एवढ्याचाच. अंत्यजाच्या स्पर्शाने अन्न विटाळते की नाही, हा प्रश्न गंगेने सोडविलाच नाही. उलट सांगितलेले प्रायश्चित्त तिने स्वतः येऊन पुरे केले. आणि जो जेवला तो कोठे गेला? कथेत त्याला नाव नाही, एक वाक्यही नाही. घास पोटात गेल्यावर कथेला त्याची गरज उरत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले होते. 'धर्मात्मा' हा एकनाथांवरील चित्रपट १९३५ साली निघाला. त्यानंतर लवकरच, 'जातिप्रथेचे उच्छेदन' या आपल्या निबंधावरील गांधीजींच्या आक्षेपांना उत्तर देताना त्यांनी म्हटले की, एकनाथांनी अस्पृश्यांना जवळ केले ते अस्पृश्यतेला विरोध म्हणून नव्हे. तो विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून. आणि लोकांना शिकविले गेले ते असे, की संताने जात मोडावी, सामान्याने मोडू नये. संत वंदनीय झाला, अनुकरणीय झाला नाही.

हा आक्षेप एकनाथांच्या समग्र वाङ्मयास लावता येईल काय, याविषयी मतभेद संभवतो. ज्या भारुडांत त्यांनी महाराच्या तोंडून ब्राह्मणाला ज्ञान सांगितले ती रचना केवळ शुद्धिविचाराने होत नाही. तरीही तो आवाज एकनाथांनी दिलेला आहे. चोखामेळ्याच्या अभंगांत जो स्वतःच्या मुखाने बोलतो तो नव्हे. तिरुविसनल्लूरच्या कथेस मात्र आंबेडकरांचा आक्षेप अक्षरशः लागू पडतो. चमत्कार नियमभंगाला अलौकिक करतो आणि अलौकिक करून त्याची पुनरावृत्ती अशक्य करतो. दरवर्षी नियमभंगाचा उत्सव करूनही नियम सुखरूप राहतो, याचे कारण हेच.

मग ही कथा केवळ परंपरेची चतुराई समजावी काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. नियम न्याय्य आहे असे ज्या समाजाला मनापासून वाटत असते त्याला गंगेला पाचारण करण्याची गरज पडत नाही. चमत्कार हा अस्वस्थ सदसद्विवेकाचा कबुलीजबाब आहे : आपण या माणसाला चुकीने बहिष्कृत केले, हे समाजाला कळले होते, कळूनही वळावयाचे नव्हते. परंपरावाद ही जाणीव नष्ट करीत नाही. तो तिला पूजेत ठेवतो, आणि पूजेत ठेविलेली वस्तू सहसा वापरात येत नाही.

ती वापरात आणण्याचे काम दुसऱ्याच पाण्याकाठी झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी स्वतः पाणी प्याले. तेथे गंगा प्रकटली नाही. पुढे सवर्णांनी त्या तळ्याची 'शुद्धी' केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. विहिरीच्या कथेत जो अनामिक होता तो येथे कर्ता झाला. त्याला कोणाच्या करुणेची वा साक्षात्काराची आवश्यकता नव्हती. नगरपालिकेने खुल्या केलेल्या तळ्यावरील नागरिकाचा हक्क पुरेसा होता.

परंपरेतील वाङ्मय वाचणाऱ्या समीक्षकाने यातून एक कसोटी घ्यावी. एखाद्या जुन्या कृतीत औदार्य आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते औदार्य कोणाच्या नावे जमा झाले आणि ज्याच्यावर ते झाले त्याला पुढे शब्द मिळाला की नाही, हेही विचारले पाहिजे. अय्यावाळांच्या दारातून तृप्त होऊन परतलेल्या त्या माणसाची कथा कोणी लिहिली नाही. ती कल्पिणे आणि लिहिणे हे परंपरेशी वैर नव्हे. परंपरेने अर्धवट सोडलेले ते वाक्य पुरे करणे आहे.