नगरपालिकेच्या दारावरची भाषा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. सीमेची रेषा कोठेही ओढली, तरी तिच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची माणसे उरणारच, याची जाणीव राज्यकर्त्यांना तेव्हाही होती. म्हणूनच त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क व ३५०ख संविधानात आले. पहिल्याने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली, तर दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली.

१९५६ मध्येच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी एक ज्ञापन प्रसिद्ध केले. पुढे त्यातून जी योजना आकारास आली, तिच्यानुसार जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या भाषिक गटाचे प्रमाण १५ ते २० टक्के असल्यास महत्त्वाच्या सूचना, नियम आणि मतदारयाद्या त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे ठरले. मात्र ही योजना म्हणजे सरकारांनी दिलेला शब्द होता, कायदा नव्हे. दिलेला शब्द मोडला म्हणून कोर्टात दाद मागणे सोपे नसते. सीमाभागातील पुष्कळशा निराशेचे मूळ या भेदात आहे.

या इतिहासाला १५ एप्रिल २०२५ रोजी एक नवे पान जोडले गेले. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. महाराष्ट्राच्या २०२२ च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा अधिनियमामुळे असा फलक चालणार नाही, असा आक्षेप घेतला गेला. उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मराठीच्या वापराची तरतूद म्हणजे अन्य भाषेला मनाई नव्हे. नगरपरिषद स्थानिक रहिवाशांच्या सेवेसाठी असते आणि त्यांना कळेल अशा भाषेत तिने बोलावे, हा त्या निकालाचा गाभा आहे.

सीमाभागातील मराठी माणसाने हा निकाल विशेष काळजीने वाचावा. तेथे बहुसंख्यांची भाषा मराठी आहे आणि जागा मागणारी भाषा उर्दू. जे माप पातूरला योग्य, तेच बेळगावलाही योग्य. आणि जे आपण बेळगावात मागतो, ते पातूरच्या रहिवाशाला नाकारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

निकालाची मर्यादाही ओळखली पाहिजे. दुसरी भाषा वापरण्यास मनाई नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती वापरण्याची सक्ती त्यातून निघत नाही. कर्नाटकाचा कायदाही त्याच्या स्वतःच्या शब्दांवरूनच वाचला जाईल.

प्रश्न केवळ फलकाचाही नाही. सभेची विषयपत्रिका ज्या नगरसेवकाला वाचता येत नाही, त्याला हात वर करता येतो, पण हरकत घेता येत नाही. घरपट्टीची नोटीस न समजलेल्या नागरिकाची अपिलाची मुदत निघून जाते. अनुच्छेद २४३ध नुसार तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद आहे. कानडीबरोबर मराठीतही विषयपत्रिका आणि इतिवृत्त मिळावे, ही मागणी अशा समित्यांपासून, लेखी स्वरूपात सुरू व्हावी. कानडीची जागा कमी न करता ती मान्य होऊ शकते, हे पातूरच्या फलकाने दाखवून दिले आहे.