बट्ट्याचा हिशेब

'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' असं आपण सहज म्हणून जातो. हा बट्टा मूळचा सराफाच्या दुकानातला. नाणं झिजलेलं असलं किंवा परमुलखातलं असलं, की सराफ त्याच्या किमतीतून जी कपात करी, तो बट्टा. कार्डाने पैसे घेणाऱ्या आजच्या दुकानदाराच्या रकमेतूनही बँक काही टक्के कापून घेते. त्याला बँका 'मर्चंट डिस्काउंट रेट' म्हणतात. मराठीत नवा शब्द शोधायचं कारण नाही, बट्टाच तो!

'जालना सोने का पालना' म्हणून मिरवणाऱ्या या गावाला बट्टा चांगलाच ठाऊक होता. 1948 पर्यंत जालना निजामाच्या राज्यात. इथे चाले हाली सिक्का. आणि पलीकडे, फार दूर नव्हे, देऊळगाव राजाला वऱ्हाड सुरू होई. तो मुलूख 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. तिथे कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया. पुढे सरकारी भाव ठरला तो असा, की 116 रुपये 10 आणे 8 पै हाली म्हणजे 100 कलदार. सोपं करायचं तर सात हालीला सहा कलदार. पण हा झाला कागदावरचा भाव. सराफ घेताना एक भाव लावी आणि देताना दुसरा. मधला फरक ही त्याची कमाई, आणि तेवढा व्यापाऱ्याचा खर्च.

1900 साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि इथला कापूस मुंबईशी जोडला गेला. आता मुंबईचे पैसे जालन्यात यायचे कसे? रुपयांच्या थैल्या वाटेने नेणं धोक्याचं. त्यासाठी हुंडी. व्यापारी मुंबईच्या आपल्या पेढीवर हुंडी लिही, ती गावातल्या सावकाराला विके आणि रोकड घेऊन शेतकऱ्याचा कापूस चुकता करी. हुंडी पाहताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. हरवली तर दुसरी प्रत 'पेठ', तीही गेली तर 'परपेठ'. इतका बंदोबस्त!

या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. ती वर्षभर सारखी नसे. कापसाच्या हंगामात गावात रोकडीची ओढ लागली, की मुंबईवरची हुंडी कमी किमतीला विकावी लागे. म्हणून जाणता व्यापारी दोन-तीन पेढ्यांवर भाव विचारून मगच हुंडी विके. हुंडणावळ आणि बट्टा वहीत वेगळे लिहिले जात, मालाच्या किमतीत मिसळत नसत. वर्षअखेर कळे, की पैसे मिळवण्यासाठी किती पैसे गेले.

कार्डाच्या यंत्राने नेमकं हेच झाकलं. कपात होऊनच रक्कम खात्यात येते, त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही. समजा, शंभराच्या मालावर दुकानदाराला पाच रुपये सुटतात आणि क्रेडिट कार्डावर दोन टक्के कापले जातात. दोन रुपये विक्रीचे नव्हेत, नफ्यातले गेले, पाचातले दोन! वर यंत्राचं भाडं आणि शुल्कावरचा कर वेगळा.

सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने यात बराच हात घातला. डेबिट कार्डाचा बट्टा 2012 साली बांधून दिला: 2,000 रुपयांपर्यंत पाऊण टक्का, त्यावर एक टक्का. हा आकार ग्राहकाच्या माथी मारू नये, असं 2013 साली बजावलं. 2018 पासून वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला यंत्रावर 0.40 टक्के आणि क्यूआर कोडवर 0.30 टक्के अशी मर्यादा आली. 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरचा बट्टा शून्य झाला. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा घातली नाही. तिथला दर बँकेशी घासाघीस करूनच ठरतो, आणि घासाघीस करायची तर आधी आपला दर माहीत हवा. किती दुकानदारांनी बँकेचा करारनामा उघडून पाहिला आहे?

2022 साली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची मुभा मिळाली. म्हणजे गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड तोच, स्कॅन करणं तेच, पण पैसे ग्राहकाच्या बचत खात्यातून आले की क्रेडिट कार्डावरून, यावर बट्टा ठरणार. छोट्या दुकानदाराला त्यात 2,000 रुपयांपर्यंत सूट दिली गेली. त्यावरच्या रकमेसाठी वहीत पुन्हा एक रकाना आखावा लागेल.