ब्रिटनमधील दंतवैद्यांची नोंदणी आणि पात्रतेची तपासणी

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने 1860 मध्ये दंतवैद्यांची पहिली परीक्षा घेतली, पण ती देण्याची सक्ती नव्हती. औषधविक्रेत्यापासून लोहारापर्यंत कोणीही दात उपटून देई. 1878 च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली आणि त्यासाठी झटलेल्या जॉन टोम्स यांचे नाव तिच्यात पहिले लागले. कायदा मात्र ढिला होता. आधीपासून धंद्यात असलेल्यांना परीक्षेविनाच नोंदणी मिळाली. शिवाय संरक्षण मिळाले ते ‘दंतवैद्य’ या नावाला, कामाला नव्हे. त्यामुळे स्वतःला दंतवैद्य न म्हणवता, कृत्रिम दात बसवून देण्याची जाहिरात करणारे बिननोंदणीचे लोक खुशाल दुकान चालवीत.

ही पळवाट बुजायला 1921 उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने बिननोंदणीच्या माणसाला दंतवैद्यकी करायला बंदी केली. तरी मागच्या सात वर्षांपैकी पाच वर्षे याच कामावर पोट भरलेल्यांना पुन्हा सवलत मिळाली. कोणाची रोजीरोटी तोडायची नाही, एवढा व्यवहार दोन्ही वेळा पाळला गेला. त्याची किंमत रुग्णांनी मोजली असणार.

एकदा नाव लागले, की वार्षिक शुल्क आणि सभ्य वर्तन एवढ्यावर ते निवृत्तीपर्यंत टिके. 1956 च्या कायद्याने जनरल डेंटल कौन्सिल स्थापन झाली, तरी यात फरक पडला नाही. त्याच सुमारास हवेच्या दाबावर चालणारे अतिवेगवान ड्रिल आले आणि दात कोरण्याची रीतच पालटली. जुन्या पदवीधराने ते तंत्र नीट आत्मसात केले का, हे विचारण्याची सोय नोंदवहीत नव्हती. 1993 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेत स्वतंत्रपणे काम करण्याआधी नव्या पदवीधरांना वर्षभराचे प्रशिक्षण सक्तीचे झाले, पण तेही उमेदवारीपुरतेच.

सेवेत असलेल्यांवर सक्ती आली ती 2002 मध्ये: पाच वर्षांत 250 तास शिक्षण, त्यांपैकी 75 तासांचा पुरावा. उरलेल्या तासांत नियतकालिकांचे वाचनही चाले. 2018 मध्ये हे आकडे बदलले. आता पाच वर्षांत 100 तास लागतात, पण सगळे पुराव्यासह, आणि सलग कोणत्याही दोन वर्षांत किमान 10. सोबत वैयक्तिक विकासाचा आराखडा आणि दरवर्षीचे निवेदनही द्यावे लागते. अट न पाळल्यास नाव वगळले जाऊ शकते. तरीही मोजले जातात ते तास. हाताचे कसब कोणी तपासत नाही. डॉक्टरांसाठी डिसेंबर 2012 पासून ठरावीक काळाने परवान्याचे पुनर्प्रमाणीकरण होते. दंतवैद्यांसाठीही त्याचा विचार झाला होता, पण ती पद्धत लागू झाली नाही.